मेनू एकदाच लिहा: जुन्या साईटसाठी सर्व्हर-साइड इन्क्लूड

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. कुणा उत्साही सभासदानं कधीकाळी त्याची साईट हातानं लिहून दिली. आज तिच्यावर साठेक पानं आहेत: नियम, वर्गणी, दुर्मिळ पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेचे वृत्तांत, बालविभाग. प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र एचटीएमएल फाइल, आणि प्रत्येक फाइलीत वर तेच बोधचिन्ह, तोच मेनू, खाली तोच पत्ता, तोच फोन नंबर. आता वाचनालयाचा फोन बदलला. साठ फाइली उघडायच्या, साठ ठिकाणी नंबर बदलायचा, साठ फाइली परत चढवायच्या. प्रत्यक्षात होतं असं, की ठळक दहा-बारा पानांवर नंबर बदलला जातो, उरलेल्यांचं ‘नंतर बघू’ होतं, आणि गूगलवरून थेट वर्गणीच्या पानावर उतरलेला माणूस बंद पडलेल्या नंबरवर फोन लावत बसतो.

अशा वेळी सगळी साईट वर्डप्रेसवर न्या, असा सल्ला हमखास मिळतो. पण त्यासोबत डेटाबेस येतो, अपडेट येतात, प्लगिनची देखभाल येते, आणि ती करायला वाचनालयात कोणी असेलच असं नाही. साधी फाइल मात्र वर्षानुवर्षं पडून राहिली तरी चालत राहते. हा गुण घालवू नये असं मला मनापासून वाटतं. साईट साधी ठेवून फक्त पुनरावृत्ती काढून टाकता येते, आणि त्याची सोय वेब सर्व्हरमध्ये पहिल्या काही वर्षांपासून आहे. तिचं नाव सर्व्हर-साइड इन्क्लूड, थोडक्यात एसएसआय.

कल्पना सोपी आहे. सगळ्या पानांवर सारखा असलेला भाग एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा. पानात त्या जागी एकच ओळ लिहायची: इथे अमुक फाइल आणून लाव. कुणी पान मागितलं की सर्व्हर ते वरून खाली वाचत जातो, त्या ओळीपाशी आला की सांगितलेली फाइल उचलतो, ओळीच्या जागी तिचा मजकूर बसवतो आणि जोडलेलं पान ब्राउझरकडे पाठवतो. ब्राउझरला जोड दिसत नाही. ‘व्ह्यू सोर्स’ केलं तरी पूर्ण पानच दिसतं. त्यामुळे सर्च इंजिन असो की अंध वाचकांचा स्क्रीन रीडर, त्यांच्या दृष्टीनं साईट होती तशीच राहते. जावास्क्रिप्टनं मेनू आणून लावण्यापेक्षा किंवा आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत, कोंबण्यापेक्षा ही पद्धत मला उजवी वाटते ती यासाठीच.

ही सोय आली एनसीएसए एचटीटीपीडी या सर्व्हरमधून. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन इथल्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात रॉब मॅककूल यांनी तो लिहिला. 1994 मध्ये ते तिथून बाहेर पडले, काम थंडावलं, आणि ज्यांच्या साईट त्या सर्व्हरवर होत्या त्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र आणून 1995 मध्ये अपाची उभा केला. एसएसआय तिथूनच अपाचीत उतरलं. आज ते ‘मॉड इन्क्लूड’ या मॉड्यूलमध्ये राहतं. एनजिनएक्स आणि मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसलाही हे येतं, पण इथे मी अपाची धरून बोलतो. स्वस्तातल्या लिनक्स होस्टिंगवर बहुधा तोच किंवा त्याच्या आज्ञा समजणारा सर्व्हर असतो.

ती एक ओळ

वाचायला सोपं जावं म्हणून सगळ्या आज्ञा मी देवनागरीत लिहितो. फाइलीत मात्र त्या रोमन लिपीत, सर्व्हरच्या मदत-पानांवर असतात तशाच टाइप करायच्या. मेनू आणायची ओळ अशी:

<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/तुकडे/मेनू.एचटीएमएल" -->

एचटीएमएल लिहिलेल्या माणसाला ही खूण ओळखीची वाटेल, कारण ही साधी टिप्पणीच आहे. म्हणून सर्व्हरवर सोय चालू नसली तर पान मोडत नाही, ब्राउझर टिप्पणी समजून ओळ सोडून देतो, आणि मेनूची जागा रिकामी राहते. अडखळायच्या जागा दोन. सुरुवातीच्या दोन रेघा आणि # यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायची नाही, ठेवली तर सर्व्हरही ती निव्वळ टिप्पणी समजतो. उलट शेवटच्या --> च्या आधी एक जागा सोडायची.

‘व्हर्च्युअल’ऐवजी ‘फाइल’ असाही शब्द वापरता येतो, पण त्याला बंधनं आहेत: नाव त्याच फोल्डरापासून द्यावं लागतं, वरच्या फोल्डरात जाता येत नाही, तिरक्या रेघेनं सुरुवात करता येत नाही. व्हर्च्युअलमध्ये साईटच्या मुळापासूनचा पत्ता चालतो, म्हणजे पान कितीही खोल फोल्डरात असो, ओळ अक्षरशः तीच राहते. साठ पानांवर एकच ओळ चिकटवायची असेल तर व्हर्च्युअलच घ्या. दुसऱ्या साईटवरची फाइल मात्र यातून आणता येत नाही.

सर्व्हरला सांगणं

साध्या एचटीएमएल फाइली अपाची न वाचता जशाच्या तशा पाठवतो. कुठल्या फाइली आधी वाचायच्या, हे त्याला सांगावं लागतं. जुनी रीत अशी, की अशा पानांचं नाव .एसएचटीएमएलनं संपवायचं. नवीन साईटला ते ठीक आहे, पण चालू साईटची पानं अशी बदलली की प्रत्येक पत्ता बदलतो. कुणी ब्लॉगवर दिलेला दुवा, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक, सगळं तुटतं. पुनर्निर्देशन लावून, म्हणजे जुना पत्ता मागणाऱ्याला नव्याकडे वळवून, ते सांधता येतं, पण आधी तोडायचंच कशाला? .एचटीएमएल फाइलीच वाचायला सांगा. त्यासाठी साईटच्या मुख्य फोल्डरातल्या .एचटीअ‍ॅक्सेस या, अपाचीसाठी सूचना ठेवायच्या फाइलीत दोन ओळी पुरतात:

ऑप्शन्स +इन्क्लूड्सनोएक्झेक
अ‍ॅडआउटपुटफिल्टर इन्क्लूड्स .एचटीएमएल

पहिल्या ओळीतलं अधिकचं चिन्ह विसरू नका. ते नसेल तर आधी चालू असलेले बाकीचे पर्याय पुसले जातात आणि साईटवर भलतंच काहीतरी बंद पडतं. ‘नोएक्झेक’ कशासाठी, ते पुढे येईल. दुसऱ्या ओळीमुळे प्रत्येक एचटीएमएल पान पाठवण्याआधी वाचलं जातं. लाखो पानं वाटणाऱ्या साईटला हा भार मोजावा लागेल, वाचनालयाच्या साईटला नाही.

एवढं करून साईट ‘500’ची चूक दाखवू लागली, तर होस्टिंगवाल्यांनी त्या फाइलीतून हे पर्याय बदलायची मुभा दिलेली नाही असं समजा आणि त्यांच्याकडे मागणी करा. ‘मॉड इन्क्लूड’ चालू नसेल तर लक्षण वेगळं दिसतं: पान येतं, पण ओळ कोरी टिप्पणी म्हणून तशीच राहते. आणि पानात कंसातलं एक इंग्रजी वाक्य उमटलं, की ही आज्ञा पार पाडताना चूक झाली, तर सोय चालू आहे पण फाइलीचं नाव किंवा पत्ता चुकला आहे. नेमकं काय चुकलं ते पानावर दिसत नाही, ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, असतं.

खरा वेळ इथे जातो

सर्व्हरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. वेळ जातो तो साठ प्रतींमधली खरी कुठली, हे ठरवण्यात. सगळ्या पानांवर ‘तोच’ मेनू आहे असं आपण म्हणतो, पण तो कॉपी-पेस्ट होत होत वाढलेला असतो. 2014 च्या व्याख्यानमालेच्या पानावर सहा दुवे, नियमांच्या पानावर सात, बालविभागात सातवा दुवा आहे पण चुकीच्या फाइलीकडे जातो. तळाशी कुठे पिनकोड आहे, कुठे नाही. कुठे ‘सोमवार बंद’, कुठे ‘रविवारी बंद’. यातलं बरोबर कोणतं, ते कोड वाचून कळत नाही, ग्रंथपालांनाच विचारावं लागतं.

म्हणून कोणतीही फाइल बदलण्याआधी साईटची संपूर्ण प्रत बाजूला काढून ठेवा. मग प्रत्येक पानातला मेनूचा तुकडा वेगळा काढून दुसऱ्याशी ताडून बघा. लिनक्सवर ‘डिफ’, विंडोजवर व्हीएस कोडमधली दोन फाइली शेजारी ठेवून तुलना करायची सोय, दोन्हीनं काम होतं. फरक निघतील ते तीन प्रकारचे असतात. काही निव्वळ हलगर्जीपणातून आलेले, ते मिटवायचे. काही मुद्दाम केलेले, जसं बालविभागाच्या पानावर वेगळं चित्र, ते जपायचे. आणि काही असे, की त्यांचा निर्णय साईट सांभाळणाऱ्यानं घ्यायचाच नाही, संस्थेनं घ्यायचा. बंद असण्याचा वार या तिसऱ्या प्रकारातला. हे आधी न करता घाईनं ‘शोधा आणि बदला’ चालवलं, तर एक चुकीची प्रत साठही पानांवर एका झटक्यात खरी ठरते, आणि जुन्या पानांत पडून असलेली बरोबर माहिती कायमची जाते.

ताडून झालं की तुकडे पाडा. माझ्या मते तीन पुरेत: डोक्याची पट्टी, मेनू, तळपट्टी. डोक्यातली स्टाइलशीटची, म्हणजे रंग-मांडणीच्या फाइलीची, ओळही हवी तर वेगळी काढा, पण पानाचं शीर्षक पानातच राहू द्या. एसएसआयमध्ये चल (व्हेरिएबल) ठरवून शीर्षक तुकड्याकडे पाठवता येतं, तरीही ज्या गोष्टी पानागणिक बदलतात त्या पानातच दिसाव्यात, म्हणजे पुढच्या माणसाला फाइल उघडली की कळतं आपण कुठे आहोत. तुकड्याच्या फाइलीत ‘एचटीएमएल’, ‘हेड’, ‘बॉडी’ हे टॅग पुन्हा लिहायचे नाहीत, ते पानात आधीच आहेत. काही एडिटर नवी फाइल केली की ते आपोआप घालतात, तेवढे काढून टाका.

यानंतर येणारी गंमत नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. मुखपृष्ठावर बोधचिन्ह झकास दिसतं आणि ‘बालविभाग’ फोल्डरातल्या पानावर त्या जागी तुटलेल्या चित्राची खूण. कारण तुकड्यात चित्राचा पत्ता ‘चित्रे/चिन्ह.पीएनजी’ असा लिहिलेला असतो. तुकडा जरी ‘तुकडे’ फोल्डरात राहत असला, तरी ब्राउझर तो पत्ता वाचतो तो मागितलेल्या पानाच्या जागेवरून. बालविभागाच्या पानावरून तो ‘बालविभाग/चित्रे’ असं फोल्डर शोधायला जातो, आणि ते नसतंच. उपाय एका अक्षराचा आहे: तुकड्यातला प्रत्येक पत्ता तिरक्या रेघेनं सुरू करा, ‘/चित्रे/चिन्ह.पीएनजी’. मेनूतल्या सगळ्या दुव्यांनाही हाच नियम.

देवनागरीचा पेच

इंग्रजी साईटवाल्यांना बहुधा जाणवत नाही असा एक त्रास आपल्याला होतो. सर्व्हर तुकडे जोडताना त्यांची लिपी-संकेतनं, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धती, जुळवून घेत नाही, बाइट उचलतो आणि चिकटवतो. पान आणि तुकडा दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-8 मध्ये, साठवलेले असले तरच देवनागरी नीट दिसते. जुन्या मराठी साईटवर कधीकधी पानाचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो, म्हणजे फाइलीत खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. अशा पानात युनिकोड मेनू जोडला की दोघांपैकी एकाचा तरी चिखल होण्याची भीती असते. तिथे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग एसएसआयकडे वळा. क्रम उलटा केला तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. काही एडिटर यूटीएफ-8 फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण घालतात, तिला ‘बॉम’ म्हणतात. स्वतंत्र पानाच्या आरंभी ती निरुपद्रवी असते. पण तुकड्याच्या आरंभी असली की ती जोडलेल्या पानाच्या मध्यात येते. तळपट्टीपाशी आली तर उगाच एखादी रिकामी ओळ वाटते. पण ‘हेड’च्या आत आली तर ब्राउझर तिला मजकूर समजतो, ‘हेड’ तिथेच संपलं असं धरतो आणि पुढचं सगळं ‘बॉडी’त ढकलतो. कोड शंभर वेळा वाचूनही चूक सापडत नाही, कारण ती दिसणारी नाहीच. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे संकेतनाचं नाव असतं, तिथे ‘विथ बॉम’ दिसलं तर फाइल बॉमशिवाय पुन्हा साठवा. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-8 साठवताना ही खूण घालायचं, 2019 पासूनच्या आवृत्तीत मूळ पर्याय बॉमशिवायचा झाला आहे.

चालू पान, तारीख आणि जुना मेनू

मेनू एकच झाला की ‘आपण आत्ता या पानावर आहोत’ हे रंगानं दाखवायचं कसं, असा प्रश्न येतो. एसएसआयमध्ये ‘जर-तर’ची आज्ञा आहे, तिनं पानाचा पत्ता तपासून हे करता येतं. पण अपाचीच्या 2.4 आवृत्तीत या अटी लिहायची पद्धत बदलली. 2.2 साठी लिहिलेल्या अटी नव्या सर्व्हरवर जशाच्या तशा चालत नाहीत, जुनी पद्धत मुद्दाम चालू करावी लागते. त्यापेक्षा पानाच्या ‘बॉडी’ टॅगला विभागाचं नाव द्या आणि रंगाचं काम स्टाइलशीटवर सोपवा. सर्व्हर बदलला तरी ते टिकतं.

‘शेवटचा बदल अमुक तारखेला’ ही ओळ एसएसआय स्वतः लिहू शकतं, आणि तळपट्टीत लिहिली तरी तारीख येते ती मागितलेल्या पानाची. सोय छान आहे, पण रूपांतर करताना आपण साठही फाइलींना हात लावलेला असतो. म्हणजे 2014 चा वृत्तांतसुद्धा ‘आजच बदलला’ असं सांगू लागतो, आणि वाचकाची दिशाभूल होते. सर्व्हरवर कमांड चालवायची मुभा असेल तर ‘टच’ आज्ञेच्या ‘आर’ पर्यायानं जुन्या प्रतीवरची तारीख नव्या फाइलीला देता येते. नसेल तर महत्त्वाच्या पानांवर तारीख हातानं लिहा. आपोआप येणारी तारीख ठेवणार असाल तर तिचा साचा आकडी ठेवा, महिन्याचं नाव मागितलं तर ते इंग्रजीत उमटतं.

तारखेशी जोडलेली आणखी एक बाब ब्राउझरच्या साठवणीची. साधी फाइल पाठवताना अपाची ती कधी बदलली हे कळवतो, म्हणून ब्राउझर पुढच्या वेळी ‘बदल नसेल तर पाठवू नको’ असं म्हणू शकतो. एसएसआयच्या पानांसोबत तो मुळात ही तारीख पाठवत नाही. कारण पान तेच असलं तरी जोडलेला तुकडा बदललेला असू शकतो, आणि सर्व्हर त्याची हमी देऊ शकत नाही. तारीख पाठवायला भाग पाडणारे पर्याय आहेत, पण ते पानाची तारीख बघतात, तुकड्यांची नाही. ते लावले तर फोन नंबर बदलूनही नेहमीच्या वाचकाला जुनाच दिसत राहण्याची शक्यता असते. ज्या त्रासातून सुटायला हे सगळं केलं तोच मागच्या दारानं परत येतो. छोट्या साईटनं या पर्यायांच्या वाटेला जाऊ नये.

नोएक्झेक का

एसएसआयमध्ये ‘एक्झेक’ नावाची आज्ञा आहे, ती सर्व्हरवर थेट कमांड चालवते. साईटवर अभिप्राय-वही असेल आणि लोकांनी लिहिलेलं जसंच्या तसं एखाद्या एचटीएमएल फाइलीत साठत असेल, तर कुणीही अभिप्रायात ही ओळ लिहून तुमच्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. आपण सगळ्याच एचटीएमएल फाइली वाचायला सांगितल्या आहेत, त्यामुळे हा धोका कल्पनेतला नाही. ‘नोएक्झेक’ लिहिलं की ही आज्ञा बंद होते आणि फाइली जोडण्याचं काम चालू राहतं. एनजिनएक्सनं तर ‘एक्झेक’ ठेवलेलीच नाही. तरीही बाहेरून आलेला मजकूर एसएसआय वाचल्या जाणाऱ्या फाइलीत थेट साठवू नका, कारण नोएक्झेक असतानाही त्यातून तुमच्याच साईटवरची दुसरी फाइल ओढून दाखवता येते.

चढवण्याआधी

घरच्या संगणकावर फाइलीवर दोनदा क्लिक करून पान उघडलं तर मेनू दिसणार नाही, कारण मध्ये सर्व्हरच नाही. झॅम्पसारखं काहीतरी बसवून आपल्या संगणकावर अपाची चालवा, किंवा होस्टिंगवर एक चाचणी-उपडोमेन करून त्यावर पाहा. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी एसएसआय अजिबात चालत नाही, तिथे फाइली जशाच्या तशा दिल्या जातात. तिथे जायचं असेल तर जेकिल किंवा ह्यूगोसारखं साधन घ्या. ते हेच तुकडे पान मागितल्यावर जोडण्याऐवजी आधीच जोडून तयार पानं बनवतं. एसएसआयसाठी पाडलेले तुकडे तिथेही उपयोगी पडतात, जोडायची ओळ तेवढी बदलते.

तपासणीची भरवशाची पद्धत अशी: बदलाआधी ‘डब्ल्यूगेट’ या साईट उतरवणाऱ्या कमांडनं सगळी साईट ब्राउझरला मिळते तशी उतरवून घ्या, बदलानंतर चाचणी-साईट तशीच उतरवा, आणि दोन्ही फोल्डर डिफनं ताडून बघा. इथे तुलना होते ती जोडलेल्या पानांची, त्यामुळे जे फरक दिसतील ते तुम्ही ठरवून केलेलेच असायला हवेत: दुरुस्त केलेला दुवा, एकसारखा झालेला पिनकोड, ग्रंथपालांनी सांगितलेला सुटीचा वार. त्यापलीकडे एकही ओळ वेगळी निघाली तर ते पान उघडा आणि कारण सापडेपर्यंत साईट चढवू नका.